कागदाला आधी त्याचं गाव विचारा

सुरतेच्या इंग्रज वखारीत जॉन एस्कॅलियट नावाचा एक पाद्री होता. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा तो त्याच शहरात होता. स्वारीला तीन आठवडे व्हायच्या आत त्याने सगळी हकीकत इंग्लंडमधल्या थॉमस ब्राउन या नामांकित वैद्य-लेखकाला लिहून कळवली. पत्रावर तारीख आहे २६ जानेवारी आणि साल १६६३/४. वखारीच्या रोजच्या कागदांत तर हा जानेवारी सरळ १६६३ मध्ये मोडतो. आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र सुरतेची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची आहे.

इतिहासाच्या नव्या विद्यार्थ्याला असा कागद दिसला की छातीत धडधडतं. पाठ्यपुस्तक चुकलं, किंवा पाद्री चुकला, आणि ती चूक नेमकी आपल्याला सापडली! खरं तर कोणीच चुकलेलं नाही. इंग्रजांचं कायदेशीर वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे २४ मार्चपर्यंतचे सगळे दिवस मागच्या सालात जमा होत. ज्यांना घोटाळा टाळायचा असे ते पाद्र्यासारखं जोडसाल लिहीत. १७५२ मध्ये इंग्लंडने नवी कालगणना घेतली तेव्हा हा प्रकार संपला.

अस्सल साधन वाचायला बसलेल्या विद्यार्थ्याचा पहिला धडा इथेच आहे. कागद काय सांगतो हे विचारण्याआधी तो कुठून आला, कोणी लिहिला, कोणाला लिहिला आणि कोणत्या कामासाठी लिहिला हे विचारायचं. गावात परका माणूस आला तर आपण आधी त्याचं गाव-नाव विचारतो, मग त्याच्या बातम्या ऐकतो. कागदाशीही असंच वागायचं.

साधन अव्वल की दुय्यम?

वर्गात आपण शिकतो की घटनेच्या काळातलं ते प्राथमिक साधन आणि नंतरचं ते दुय्यम. सुरुवातीला हे पुरतं, पण पुढे अडतं. मल्हार रामराव चिटणीस यांनी साताऱ्यात बसून १८१० च्या सुमारास शिवाजी महाराजांची बखर लिहिली. महाराजांच्या निधनाला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती. शिवकालातल्या एखाद्या तारखेसाठी या बखरीवर भिस्त ठेवणं धोक्याचं. पण पेशवाईच्या अखेरीस साताऱ्याच्या दरबारी मंडळींना आपला मूळपुरुष कसा आठवत होता, असा तुमचा प्रश्न असेल तर त्याला हीच बखर अव्वल दर्जाचं साधन आहे. म्हणजे कागदाचा दर्जा तुमच्या प्रश्नावर ठरतो. प्रश्न बदलला की कागदाची जागाही बदलते.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर या दोन टोकांच्या मधली. सभासद महाराजांच्या काळातला माणूस. त्याने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलं ते महाराजांच्या निधनानंतर चौदा-पंधरा वर्षांनी. त्याला राज्याची व्यवस्था, माणसं, कारखाने यांची आतून माहिती आहे. पण तो आठवणीतून लिहितो, आणि आठवणीत घटनांचा क्रम पुढेमागे होतो. म्हणून व्यवस्थेसाठी त्याच्याकडे जावं आणि तारखांसाठी दुसरं दार ठोठावावं.

मोडीशी ओळख

मराठ्यांच्या इतिहासाची बहुतेक अस्सल कागदपत्रं मोडी लिपीत आहेत, आणि मोडी हे विद्यार्थ्याचं पहिलं भय असतं. मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात. वाचता येणं वेगळं. लिहिणारा आधी कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत रेघ ओढून घेतो आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. ओळ संपली म्हणून शब्द संपेल याचीही हमी नाही. 'मालनेला' अशी अक्षरं एकापुढे एक आली तर कोणी माल नेला, की मालन नावाच्या बाईला काही दिलं, हे पुढची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही. उदाहरण माझंच आहे, पण असे प्रसंग पानोपानी येतात.

त्यातून प्रत्येक काळाचं वळण निराळं. शिवकालीन मोडी वाचायला शिकलेला माणूस पेशवाईतल्या घोटीव चिटणिशी अक्षरात रमतो, आणि पेशवेकालीन अक्षरावर हात बसलेला शिवकालीन कागदापुढे चाचपडतो. भरीला संक्षेप. परगणा, मौजे, तर्फ, बिन असे रोजचे शब्द लिहिणारा एक-दोन अक्षरांत उरकतो, कारण ते त्याला दिवसातून पन्नास वेळा लिहायचे असतात.

यावर उपाय एकच आणि तो जुना आहे: उतारा करणं. कागद समोर ठेवायचा आणि ओळीला ओळ, अक्षराला अक्षर देवनागरीत उतरायचं. लागलं नाही तिथे मोकळी जागा सोडायची. अंदाजाने भरायचं नाही. विद्यार्थी फसतो तो याच मोकळ्या जागेत. 'इथे असंच असणार' म्हणून घातलेला शब्द दोन महिन्यांनी त्याला स्वतःलाच कागदातला वाटू लागतो. उताऱ्यातला कोणता शब्द कागदाचा आणि कोणता आपला, हे कंस घालून वेगळं ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून हवी.

तारीख काढणं

मोडी कागदावर इसवी सन नसतो. शके असतो, राज्याभिषेक शक असतो, फसली असते, आणि बहुतेक वेळा सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' हे ऐकून विद्यार्थी घाबरतो, पण ही साधी बेरीज आहे. इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००. एकूण ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासूनच्या कागदांना ६०० मिळवायचे. पानिपतचं युद्ध १४ जानेवारी १७६१ चं. ते याच सुहूर सनात पडतं.

खाचखळगे इथेही आहेत. 'सित' म्हणजे सहा आणि 'सितैन' म्हणजे साठ. 'सबा' सात, 'सबैन' सत्तर. एक अक्षर पुसट झालं की कागद अर्ध्या शतकाने सरकतो. महिना आणि दिवस पुष्कळदा मुसलमानी चांद्रमासाचे असतात आणि दिवसाच्या आकड्याआधी 'छ' लिहिलेला असतो. हा छ म्हणजे चंद्र. चंद्रदर्शनावर महिना बसवल्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो हे गृहीत धरावं लागतं.

शकाची बेरीज सोपी वाटते, पण तीही फसवते. पानिपतची तिथी पौष शुद्ध ८, शके १६८२. शकात ७८ मिळवायचे एवढंच घोकलेला विद्यार्थी १७६० लिहून मोकळा होतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ बरोबर. जानेवारी लागला की ७९. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीतले असे कितीतरी कागद नवख्यांच्या वह्यांत वर्षभर मागे पडलेले असतात. मोडक आणि खरे यांच्या जंत्र्या अभ्यासकाच्या उशाशी असतात त्या यासाठीच.

शिवाय युरोपीय कागदांचं आपसांत जमत नाही ते वेगळंच. गोव्याच्या पोर्तुगिजांनी सुधारलेली ग्रेगरियन कालगणना सोळाव्या शतकातच घेतलेली, तर सुरत-मुंबईचे इंग्रज जुन्या ज्युलियन पद्धतीवर. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचं अंतर. एकाच दिवशी लिहिलेल्या दोन पत्रांवर दोन तारखा असतील आणि दोन्ही बरोबर असतील. रायगडावरचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, असं आपण म्हणतो ते जुन्या पद्धतीने. नव्या पद्धतीने तो दिवस १६ जून येतो.

अस्सल, नक्कल, बनावट

कागद वाचला, तारीख लागली, तरी तो खरा आहे का हा प्रश्न उरतोच. जुने संशोधक याला बहिरंग परीक्षण म्हणत. कागदाची जात, शाई, अक्षराचं वळण, शिक्का कुठे उमटवला आहे, शेवटी मोर्तब आहे का, पाठीवर दप्तरात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत का, पत्र पोहोचल्याची तारीख कोणी टाकली आहे का, हे सगळं पाहायचं. मायनाही बोलका असतो. वडीलधाऱ्याला तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, भिक्षुकाला वेदमूर्ती अशी ठरलेली रीत असे. ती एखाद्या पत्रात उलटी पडली, तर एक तर नात्याबद्दल आपण चुकलो आहोत किंवा कागदात काही गडबड आहे.

बनावट कागद बहुधा कुठे सापडतात हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. ते सापडतात वतनाच्या भांडणांत. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांचे तंटे पिढ्यानपिढ्या चालत, आणि निवाडा कागदावर होई. धामधुमीत घर जळालं, कागद गेले, असं सांगणाऱ्याला गोतसभेपुढे काहीतरी दाखवावंच लागे. म्हणून इनामाची सनद हाती आली की पहिला प्रश्न असा: हा कागद खरा ठरला असता तर कोणाची जमीन वाढली असती?

मात्र नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे. मूळ सनद सुरक्षित ठेवून कामाला नक्कल वापरण्याची पद्धत होती. उलट, शिक्क्यासकट दिसायला देखणा कागद बनावट असू शकतो. नक्कल असेल तर ती कोणी, केव्हा आणि कशासाठी केली एवढं विचारायचं आणि तिला तिच्या योग्यतेचं वजन द्यायचं.

लिहिणाऱ्याला काय हवं होतं?

कागद अस्सल ठरला की त्यातला मजकूर खरा ठरला, असा समज होणं ही पुढची चूक. पुन्हा सुरतेला जाऊ. स्वारीच्या वेळी वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडन होता. इंग्रजांनी वखार लढवून राखली, आणि याबद्दल कंपनीने त्याला सुवर्णपदक दिलं. आता वखारीतून लंडनला गेलेले वृत्तान्त वाचताना हे पदक डोळ्यांपुढे ठेवा. हे कागद नोकरांनी मालकाला लिहिलेले आहेत. आपण किती धीराने उभे राहिलो आणि कंपनीचा माल कसा वाचवला, हे त्यांत ठळक येणारच. त्याने ते खोटे होत नाहीत, पण त्यांचा कल कुठे आहे ते कळतं.

अँथनी स्मिथ हा इंग्रज मराठ्यांच्या हाती सापडला होता. त्याची हकीकत मराठ्यांच्या छावणीतली, डोळ्यांनी पाहिलेली, म्हणून मोलाची. पण सांगणारा जिवाच्या भीतीने अर्धा झालेला कैदी आहे. पाद्री एस्कॅलियट शहरात होता, छावणीत नव्हता. त्याच्या पत्रात शिवाजी महाराजांच्या रूपाचं वर्णन येतं, आणि ते पाहिलेल्या लोकांकडून ऐकल्याचं तो प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याची ही कबुली गाळून वर्णन प्रत्यक्षदर्शीचं म्हणून उद्धृत केलं, तर चूक पाद्र्याची नव्हे, आपली.

उलट, लिहिणाऱ्याचं ज्या गोष्टीकडे विशेष लक्ष नाही तिथे कागद अधिक विश्वासाचा असतो. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सेंडन रायगडावर आला तो व्यापाराचा तह करून घेण्यासाठी. धर्मविधींचा अर्थ त्याला उमगणं कठीण. पण कोणाला काय नजराणा दिला, कोणाच्या मध्यस्थीने भेट झाली, तहाच्या कलमांवर काय बोलणं झालं, हे त्याच्या कामाचं होतं आणि तिथे तो काटेकोर आहे.

तीन दिशांचे तीन कागद

एकटा कागद कितीही चांगला असो, तो एकच साक्षीदार. साक्षी जुळवणं कसं असतं याचा मराठीतला उत्तम नमुना म्हणजे शिवजन्माची तारीख. बखरी शके १५४९, म्हणजे १६२७ साल सांगत होत्या, पण तिथीवर त्यांचं एकमत नव्हतं. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात १६१८ ते १६९७ पर्यंतच्या घटना सालवार, थोडक्यात आणि कोरड्या भाषेत नोंदल्या आहेत. शिवजन्माची नोंद होती फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार.

एका शकावलीवर अनेक बखरी मोडीत काढायच्या का? पुष्कळांना ते पटेना. मग दुसरा साक्षीदार आला. महाराजांच्या आश्रयाने कवींद्र परमानंदाने रचलेलं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य तंजावरच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितावरून १९२७ मध्ये छापून आलं. तिथेही शके १५५१ चा फाल्गुन. तिसरा जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्यातल्या कुंडल्यांच्या संग्रहात निघाला. त्यातली शिवाजी महाराजांची कुंडली याच दिवसाची.

भोरजवळचं एक देशमुखी घर, तंजावरचं ग्रंथालय आणि राजस्थानातला ज्योतिषी. एक मराठी, एक संस्कृत, एक कुंडली. तिघांनी एकमेकांचं पाहून लिहिलं असण्याची शक्यता फार थोडी, आणि तिघेही एकाच दिवसावर बोट ठेवतात. त्यात वाराचा ताळा आहे. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० (१५५१ अधिक ७९), आणि गणित करून पाहिलं तर त्या दिवशी शुक्रवारच येतो. मनाने तारीख रचणाऱ्याला वार बरोबर साधणं कठीण. पुढे महाराष्ट्र शासनानेही हीच तारीख स्वीकारली.

इथे बखरी हरल्या त्या संख्येने जास्त असूनही. एकीवरून दुसरी लिहिली गेली असेल तर दहा बखरी मिळून साक्षीदार एकच होतो. साक्षी मोजायच्या नसतात, त्यांचे उगम मोजायचे असतात.

छापील खंड आणि न छापलेले रुमाल

विद्यार्थ्याने सुरुवात छापील साधनांपासून करावी हे उत्तम. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. गावोगाव पायपीट करून, माळ्यावरचे पेटारे उपसून त्यांनी हे कागद जमवले. १९१० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग १९३० नंतर संपादित केले. पोर्तुगीज कागदांसाठी पांडुरंग पिसुर्लेकर आणि फारसीसाठी ग. ह. खरे व सेतुमाधवराव पगडी यांनी वाट करून ठेवली आहे.

पण 'निवडक' हा शब्द नीट वाचा. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला तिथे रुमाल म्हणतात. संपादकाने त्यांतून काढले ते प्रामुख्याने राजकारणाचे, लढायांचे, मोठ्या माणसांचे कागद. मागे राहिले ते गावांचे ताळेबंद, जकातीचे हिशेब, रोजकिर्दी. त्यांत मोहिमेची वर्णनं नाहीत, पण दुष्काळात कोणत्या गावाला किती सूट मिळाली, बटकीची किंमत काय, किल्ल्यावरच्या गवंड्याला काय मजुरी, हे त्यांतच आहे.

सामान्य माणूस स्वतः पत्र लिहीत नसे, म्हणून तो कागदात नाहीच असं समजू नये. गोतसभेच्या महजरावर पाटलाच्या नावाशी नांगराची निशाणी असते, आणि बलुतेदारांच्या नावांशी त्यांच्या त्यांच्या हत्याराची. लिहिता न येणाऱ्या सुताराने तीनशे वर्षांपूर्वी एका निवाड्याला दिलेली ती साक्ष आहे. छापील खंडात तिच्या जागी बहुधा कंसात 'निशाणी' एवढंच येतं. अस्सल कागद एकदा तरी डोळ्यांनी पाहावा तो यासाठी.

वहीची शिस्त

प्रत्येक कागदासाठी वहीचं एक पान करा. वर रुमाल किंवा खंड, कागदाचा क्रमांक आणि पाहिल्याची तारीख. मग लिहिणारा, घेणारा, ठिकाण. मग कालगणना, मूळची जशीच्या तशी आणि तुम्ही काढलेली वेगळी. त्याखाली पूर्ण उतारा. आपल्याला हवी तेवढीच ओळ उतरून पुढे गेलात, तर मागच्या-पुढच्या ओळींनी दिलेला अर्थ कायमचा हातचा जातो. आणि तुमचं मत पानाच्या डाव्या बाजूला, वेगळ्या शाईत.

पहिला कागद उतरायला चार दिवस लागतात. दहावा एका दुपारीत होतो. पण त्या चार दिवसांत जे घडतं ते पुढे आयुष्यभर पुरतं. 'कागदात असं आहे' हे वाक्य तुमच्या लिखाणातून निघून जातं. त्या जागी येतं ते लांबलचक, बोजड वाटणारं, पण इतिहासाचं खरं वाक्य: अमुक साली, अमुक ठिकाणी, अमुक माणसाने, अमुक कामासाठी, अमुकाला असं लिहिलं. ज्या प्रबंधाच्या पानावर हे वाक्य नाही, तो प्रबंध परीक्षकाने निर्धास्तपणे परत पाठवावा.